अँग्लरफिशचा नर ‘विरघळतो’ म्हणे!

काळाकुट्ट मासा, वासलेला जबडा, सुयांसारखे दात. या फोटोखाली फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘अँग्लरफिशचा नर मादीला चावतो आणि तिच्यात विरघळून जातो. शेवटी उरतात ती फक्त वृषणं. सगळ्या अँग्लरफिशचं असंच असतं. ही मादी मरण्याआधी एकदा सूर्य बघायला वर आली होती.’ त्याखाली नवरा-बायकोचे विनोद, ते सोडून देऊ.

आधी फोटोचं बघू. तो जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या तेनेरिफेजवळ चित्रित झालेल्या माशाचा. जात मेलानोसेटस जॉन्सोनी. या जातीत नर मादीला कायमचा चिकटतच नाही! तेवढ्यापुरता धरतो, काम झालं की सुटतो. गोष्ट एकाची, फोटो दुसऱ्याचा. शिवाय फोटोत अक्राळविक्राळ दिसणारी ती मादी प्रत्यक्षात अगदी छोटी होती.

म्हणजे ‘सगळ्या’ हा शब्द इथेच गळाला. खोल समुद्रातल्या अँग्लरफिशच्या सुमारे १७० जाती माहीत आहेत. नर कायमचा जोडला जाणं त्यातल्या काही कुळांतच दिसतं. उथळ पाण्यातल्या त्यांच्या भाऊबंदांत तर हा प्रकार नाहीच.

सूर्यदर्शनाबद्दल काय बोलणार? शेकडो मीटर खोल राहणारा मासा वर येतो तेव्हा तो बहुधा आजारी किंवा जखमी असतो. हीसुद्धा काही तासांत मेली.

आता मुख्य मुद्दा, विरघळण्याचा. १९२२ मध्ये आइसलँडचे मत्स्यशास्त्रज्ञ ब्यार्नी सेमुंडसन यांना सेरॅटियस होल्बोली या जातीच्या मोठ्या मादीला चिकटलेले छोटे मासे दिसले. ती तिची पिल्लं असावीत असं त्यांना वाटलं. १९२५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या चार्ल्स टेट रीगन यांनी असाच एक मासा कापून पाहिला, तेव्हा तो नर निघाला. नराची त्वचा मादीच्या त्वचेशी एकजीव होते, रक्ताभिसरण जोडलं जातं आणि अन्न तिच्याकडूनच मिळतं. मादी शोधायला लागणारे डोळे आता निकामी होत जातात. इथपर्यंत पोस्ट बरोबर आहे. पण उरलेलं शरीर नाहीसं होत नाही. कल्ले राहतात. आणि नर चक्क वाढतो: सेरॅटियसचा मोकळा नर जेमतेम एखाद-दोन सेंटीमीटरचा, तर चिकटलेले नर दहा सेंटीमीटरच्याही पुढे गेलेले सापडले आहेत. विरघळणारा प्राणी पाच-दहा पट मोठा कसा होईल?

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या विनोदांच्या गर्दीत खरा चक्रावणारा प्रश्न कुणी विचारतच नाही. माणसात दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर ते नाकारू पाहतं, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. मग अँग्लरफिशची मादी अख्खा परका मासा कसा चालवून घेते? एक नाही, क्रिप्टोप्सॅरास नावाच्या अँग्लरफिशच्या एका मादीवर तर आठ नर सापडले आहेत.

याचं उत्तर २०२० मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. नर तात्पुरता चिकटणाऱ्या जातींतसुद्धा प्रतिपिंडं (अँटीबॉडी) अधिक अचूक करणारं एक जनुक निकामी झालेलं आहे. कायमच्या जोडणीच्या जातींत तोडफोड आणखी खोल जाते. काहींत ‘रॅग’ जनुकंच गेली आहेत, आणि त्यांच्याशिवाय प्रतिपिंडं तयार होत नाहीत, टी-पेशींना, म्हणजे संरक्षण करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, परकं ओळखताही येत नाही. आपल्यात ही जनुकं बिघडलेलं बाळ जन्मलं, तर साध्या जंतुसंसर्गानेही त्याचा जीव धोक्यात येतो. हे मासे मात्र जंतूंनी भरलेल्या समुद्रात जगतात. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या यंत्रणा त्यांनी बळकट केल्या असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. नेमक्या कोणत्या, ते अजून उलगडायचं आहे.