फक्त ‘सावध राहा’ म्हणून भागणार नाही

आमच्या डोंबिवलीच्या नगरसेवकांनी परवडणारी घरं, फसवणूक आणि वस्तीची सुरक्षितता या तिन्ही प्रश्नांवर एकत्र बोलायला सुरुवात केली, याचं मनापासून स्वागत. पण ‘नागरिकांनी सावध राहावं’ हे त्यांचं वाक्य मला पटलं नाही. इथल्या ६५ इमारतींचं काय झालं? पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती. घर घेणाऱ्यांनी रेरा नंबर बघितला, बँकांनी कर्जंही दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. याहून अधिक सावध सामान्य माणसाने कसं राहायचं?

नगरसेवकाच्या हातात असलेली गोष्ट सांगते. प्रभागात कोणत्या बांधकामाला खरी परवानगी आहे, किती मजल्यांची आहे, याची यादी प्रभाग कार्यालयाबाहेर मराठीत लावून घ्या आणि दर महिन्याला ती बदलते का ते बघा. पहिला स्लॅब टाकताना विचारलं तर लोकांचे पैसे वाचतात. सातवा टाकून झाल्यावर विचारून काय उपयोग?

म्हाडा एकही दलाल नेमत नाही, हेही प्रत्येक सभेत सांगा. ‘कोट्यातून घर देतो’ म्हणणारे अजून फिरताहेत. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही, हे तर कित्येकांना माहीतच नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर अनधिकृत इमारतींच्या गल्लीत अग्निशमनाची गाडी वळते का, ते आधी स्वतः जाऊन बघा.