कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी असं नसतं हो

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय की ब्राउझरमध्ये कुलूप दिसलं की साइट सेफ, 'नॉट सिक्युअर' दिसलं की फ्रॉड, आणि पत्त्याच्या सुरुवातीच्या एचटीटीपीएसमधला (https) एस म्हणजे सरकारने तपासलेली साइट. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि पहिलीने तर लोकांचे पैसे जातील म्हणून लिहितोय.

कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या फोनपासून त्या साइटच्या सर्व्हरपर्यंत जे जातंय ते मधे कुणाला वाचता येणार नाही. त्या टोकाला बँक बसलीय का भामटा, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. 'बिल अपडेट नहीं हुआ, आज रात बिजली कट जाएगी' असे एसएमएस येतात ना, त्यातल्या लिंकवर पण कुलूप असू शकतं, तिथे टाकलेला ओटीपी वाटेत कुणी वाचणार नाही पण पोचणार त्या भामट्याकडेच.

एसचं म्हणाल तर, सरकार काही तपासत नाही. लेट्स एन्क्रिप्टसारखी ना-नफा संस्था त्या एससाठी आणि कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट देते, ऑटोमॅटिक, काही मिनिटांत, डोमेन म्हणजे साइटचं नाव तुमच्या ताब्यात आहे एवढंच बघून.

आता 'नॉट सिक्युअर'. जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक साध्या एचटीटीपी पानावर, म्हणजे एस नसलेल्या, जिथलं मधे कुणालाही वाचता येतं अशा पानावर हे लिहितं. घरच्या वायफाय राउटरचं सेटिंगचं पान उघडा, १९२.१६८.१.१ वालं, तिथेही बहुतेक हेच दिसेल, मग राउटर काय फ्रॉड झाला का? एखाद्या मंडळाची जुनी साइट असेल तर कार्यक्रम खुशाल वाचा, फक्त पासवर्ड, कार्ड नंबर तिथे टाकू नका, स्टेशनच्या फुकट वायफायवर तर नाहीच नाही.

आणि हा मेसेज जुनाही झालाय. गुगलने २०२१ मध्ये अभ्यास केला तर कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना बरोबर सांगता आला, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं.

बघायचं असेल तर पत्ता बघा, सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीचा भाग. 'बँकेचं नाव डॉट काहीतरी डॉट टॉप' असेल तर ती साइट 'काहीतरी डॉट टॉप'वाल्याची, बँकेची नव्हे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं, तर शेवट तोच आहे का बघा, आणि काका-काकूंना हे फोन हातात घेऊन दाखवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, सकाळची वाट बघू नका.