अ‍ॅसिटिल लागला म्हणजे जनुक चालू झालं, असं नाही

नोट्समध्ये आणि सगळीकडे फिरणाऱ्या आकृत्यांमध्ये एक सूत्र हमखास भेटतं: हिस्टोनला (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाला) अ‍ॅसिटिल लागला की क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोन यांची गुंडाळी) सैल, जनुक चालू, मिथिल लागला की क्रोमॅटिन घट्ट, जनुक बंद. (अ‍ॅसिटिल आणि मिथिल हे हिस्टोनला लागणारे छोटे रासायनिक गट.) परीक्षेपुरतं ठीक आहे. प्रयोगाचे निकाल यावरून वाचायला गेलात तर फसाल.

‘अ‍ॅसिटिलमुळे डीएनए सुटतो.’ हिस्टोनमधल्या लायसिन या अमिनो आम्लावरचा धन प्रभार जातो, हे खरं. एच४ या हिस्टोनच्या १६ क्रमांकाच्या लायसिनवर अ‍ॅसिटिल असला तर शेजारचे न्यूक्लिओसोम (हिस्टोनांवर डीएनए गुंडाळून बनलेले मणी) एकमेकांना नीट बिलगत नाहीत, हेही खरं. पण आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती १४७ बेसजोड्यांचे सुमारे १.६५ वेढे असतात; हिस्टोनांच्या बाहेर आलेल्या शेपट्यांवरचे थोडे प्रभार गेल्याने ते उलगडत नाहीत. ते काम एटीपी हे पेशीचं इंधन जाळून न्यूक्लिओसोम हलवणाऱ्या-बदलणाऱ्या प्रथिनांचं, म्हणजे रिमॉडेलरचं. एसडब्ल्यूआय/एसएनएफ या रिमॉडेलर संकुलाची मोटर न्यूक्लिओसोमच्या मध्यापासून साधारण दोन पीळ अंतरावर डीएनए पकडते आणि थोडा थोडा ओढत राहते. मग न्यूक्लिओसोम सरकतो, कधी पूर्ण उखडला जातो. अ‍ॅसिटिलचा मोठा उपयोग इथे आहे: संकुलातलं ब्रोमोडोमेन (प्रथिनाचा अ‍ॅसिटिल ओळखणारा भाग) त्याला धरून जागेवर टिकतं.

‘रिमॉडेलर क्रोमॅटिन उघडतात.’ सगळे नाही. आयएसडब्ल्यूआय कुळातले बरेच रिमॉडेलर न्यूक्लिओसोम समान अंतरावर लावतात; यीस्टमध्ये आयएसडब्ल्यू२ त्यांना प्रमोटरकडे (जनुकाच्या आरंभाजवळच्या नियंत्रक भागाकडे) सरकवून जनुक दाबतो. एसडब्ल्यूआर१ तर काहीच सरकवत नाही, एच२ए हा हिस्टोन काढून तिथे एच२ए.झेड हा त्याचा पर्यायी प्रकार बसवतो.

‘मिथिल म्हणजे बंद.’ मिथिलने लायसिनचा प्रभार बदलतच नाही, त्यामुळे घट्ट-सैलचा हिशेब मुळातच लागू पडत नाही. खूण कुठे आहे आणि ती कोण वाचतं, यावर सगळं ठरतं. एच३ हिस्टोनच्या ९ आणि २७ क्रमांकांच्या लायसिनांवरचे तिहेरी मिथिल दडपणीशी जोडलेले. ४ क्रमांकावरचा मात्र चालू जनुकांच्या आरंभी, ३६ वरचा त्यांच्या अंगभर. यीस्टमध्ये या ३६ वरच्या खुणेमुळे पॉलिमरेजच्या (डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या विकराच्या) मागोमाग डीअ‍ॅसिटिलेज कामाला लागतं आणि अ‍ॅसिटिल काढून टाकतं. ते झालं नाही तर जनुकाच्या मधूनच लिप्यंतर (डीएनएवरून आरएनए बनणं) सुरू होतं. म्हणजे सुरळीत चालू असलेल्या जनुकालाही अ‍ॅसिटिल काढणं लागतंच! डीअ‍ॅसिटिलेज रोखणारी औषधं दिल्यावर काही जनुकं वर जातात, तर काही चक्क खाली येतात.

‘उघडा प्रमोटर म्हणजे लिप्यंतर चालू.’ प्राण्यांच्या पेशींत अनेक जनुकांवर पॉलिमरेज २०–६० न्यूक्लिओटाइड पुढे जाऊन थबकलेलं असतं. प्रमोटर उघडा, पण पूर्ण आरएनए नाही. म्हणून अ‍ॅटॅक-सीकचं (क्रोमॅटिन कुठे उघडं आहे ते दाखवणाऱ्या पद्धतीचं) शिखर दिसलं की नवजात, म्हणजे नुकत्याच बनत असलेल्या, आरएनएचं मापनही जोडा. अ‍ॅटॅक-सीकच्या मूळ पद्धतीत ५०,००० पेशी घेतात. पेशी कमी आणि टीएन५ (डीएनए कापणारं विकर) तेवढंच राहिलं तर डीएनए जास्त तुटतो, २०० बेसजोड्यांच्या आसपासचा एका न्यूक्लिओसोमचा पट्टा फिका पडतो आणि बंद भागही उघडा भासतो. नमुन्यात मेलेल्या पेशी असतील तर त्यांचा उघडा पडलेला डीएनए सगळीकडे कापला जातो. पार्श्वभूमी चढते आणि खरी शिखरं त्यात बुडतात.