उजेड बाळाचा, पण कल्पना बरोकची नव्हे

गोठ्यात जन्मलेल्या बाळ येशूच्या अंगातूनच उजेड फाकतो ही बरोक (म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपीय शैलीच्या) चित्रकारांची कल्पना, असं येशूजन्माच्या चित्रांवरच्या लेखात म्हटलंय. ते पटलं नाही. चौदाव्या शतकात स्वीडनच्या संत ब्रिगिटा यांनी बेथलेहेमचा जो दृष्टान्त सांगितला, त्यातच बाळाच्या तेजापुढे सुतार जोसेफच्या हातातली मेणबत्ती फिकी पडते. खेर्टखेन या डच चित्रकाराने 1490च्या सुमारास तोच प्रसंग रात्रीच्या अंधारात रंगवला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते चित्र बघायला गेले तेव्हा आधी सापडेचना, इतकं लहान आहे! पुढे इटालियन चित्रकार कोरेज्जो आला, त्यानेही बाळातूनच उजेड दाखवला. डच बरोक चित्रकार होन्टहॉर्स्टचं 1622चं चित्र या परंपरेतलंच; त्याने फक्त बाळाला बघायला आलेल्या मेंढपाळांचे चेहरे हसरे, ओळखीचे केले.

उलट बरोकचा खरा दांडगा माणूस म्हणजे इटालियन चित्रकार काराव्हाज्जो. त्याने सिसिलीतल्या मेसिना शहरासाठी 1609मध्ये काढलेल्या याच प्रसंगाच्या चित्रात बाळातून तेज वगैरे काही निघत नाही. उजेड बाहेरून पडतो, बाळाची आई मारिया चक्क जमिनीवर गवतात रेललेली, मागे गाढव आणि बैल, पुढ्यात टोपलीत पाव आणि सुताराची हत्यारं. दमलेली बाळंतीण वाटते ती. लेखात या चित्राचा उल्लेखही नसावा, याचं नवल वाटलं.