सूर तेच, तरी सी मेजर म्हणजे ए मायनर नव्हे

दादर-पार्ल्याच्या कीबोर्ड क्लासांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. मुलंही पुढे पाठवतात, पालकही. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: सी मेजर आणि ए मायनर हे एकच स्केल (सुरांची माळ) आहे, एक आलं की दुसरं आपोआप येतं, म्हणून २४ नव्हे, १२ स्केल पुरे, गाणं ज्या सुरावर सुरू होतं त्यावरून मेजर की मायनर ते ओळखा, आणि आनंदी वाटलं तर मेजर, उदास वाटलं तर मायनर. यात खरं थोडंच आहे. बाकीच्याने शिकणाऱ्याचा कान बिघडतो, म्हणून हे लिहितोय.

खरं काय ते आधी. मेजरच्या षड्जापासून (सा) ३ अर्धस्वर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून ३ पट्ट्या, खाली उतरलं की त्याच्या रिलेटिव्ह मायनरचा षड्ज मिळतो. पट्ट्यांच्या भाषेत पांढरी एकची (सी) जोडी पांढरी सहाशी (ए), काळी एकची काळी पाचशी. दोघांची की सिग्नेचर, म्हणजे नोटेशनच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा, एकच असते. इथवर वाद नाही.

‘म्हणून दोन्ही एकच’ हे मात्र साफ चूक. मोबाइलवरचा तानपुरा पांढरी एकला लावा आणि कीबोर्डवर पांढरी तीन दाबून धरा. ऐकू येतो तो शुद्ध गंधार (ग). आता बोट न हलवता तानपुरा पांढरी सहाला लावा. तीच पट्टी पंचम होते, आणि मघाचा षड्ज, म्हणजे पांढरी एक, आता कोमल गंधार. सूर जिथल्या तिथे आहेत, पण प्रत्येकाचं षड्जाशी असलेलं नातं बदललं. स्केल ठरतं ते या नात्यावर.

आपल्याला हे नवीन नाही. वाळकेश्वरला जन्मलेल्या संगीतशास्त्रज्ञ विष्णू नारायण भातखंडे यांनी १० थाट, म्हणजे रागांचे मूळ स्वरसंच, मांडले. त्यातला बिलावल म्हणजे मेजरचे सूर आणि आसावरी म्हणजे नॅचरल (साध्या) मायनरचे. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर षड्ज बदलत गेलात तर बिलावल, काफी, भैरवी, कल्याण, खमाज आणि आसावरी असे सहा थाट निघतात. ते सगळे एकच म्हणायचे का? रागांचंही तेच: भूपाच्या गंधाराला सा मानलं की मालकंसाचे सूर मिळतात, धैवताला मानलं की धानीचे. मैफलीत गायक मूर्च्छनाभेदाने, म्हणजे षड्ज हलवून, असा राग पालटतो तेव्हा दाद मिळते ती एकातून दुसरंच काही उभं राहिलं म्हणून. भूप आला की मालकंस शिकायची गरज नाही, असं कुठलाही गुरू म्हणणार नाही.

‘१२ पुरे’ हा सल्ला तर सरावालाच मारक आहे, कारण मायनरमध्ये सूर नेहमी तेच राहतात असंही नाही. ए मायनरचा निषाद (नी) कोमल, म्हणजे जी. तो षड्जापासून पूर्ण स्वराने (२ अर्धस्वर) दूर असल्यामुळे षड्जाकडे हवी तशी ओढ लागत नाही. म्हणून तो अर्धस्वराने चढवतात आणि काळी चार, म्हणजे जी शार्प, येते. त्यामुळे ई मायनर कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) ई मेजर होते, आणि तिच्यावरून ए मायनरवर उतरलं की मुक्काम गाठल्यासारखं वाटतं. हे झालं हार्मोनिक मायनर. आपल्या किरवाणी रागाचे सूर हेच. यात एफवरून जी शार्पवर जाताना ३ अर्धस्वरांची उडी आहे. सी मेजर वर्षभर घोटलं तरी ही उडी हाताला कधी लागणार नाही. संगीतकार बाखने १७२२ च्या संग्रहात १२ मेजर आणि १२ मायनर अशा चोवीसही स्केलांना स्वतंत्र प्रेल्यूड आणि फ्यूग (दोन प्रकारच्या रचना) दिले.

सुरुवातीच्या सुराचं म्हणाल तर बेथोवनचं ‘फ्युर एलिझ’ घ्या, क्लासमधल्या बहुतेक मुलांना ते येतं. त्याचा पहिला सूर ई, दुसरा डी शार्प, आणि रचना ए मायनरमध्ये! उजव्या हाताची पहिली ओळ ए वर येऊन टेकते, तिथेच खालून डावा हात ए धरतो आणि लगेच पुढे जी शार्प ऐकू येतो. धून कुठे विसावते, कॉर्ड कुठे परततात, निषाद चढवलाय का, हे बघायचं असतं. की सिग्नेचर कोरी असून जी शार्प पुन्हापुन्हा दिसत असेल, तर आधी ए मायनर तपासा.

राहिला आनंदी-उदासचा मुद्दा. काफीत कोमल गंधार असतो आणि रंग उधळणाऱ्या होऱ्या त्याच काफीत गायल्या जातात. मालकंस गंभीर आहे, रडका नाही. भाव लयीतून येतो, शब्दांतून येतो, गळ्यातून येतो. मायनर हा त्यातला एक घटक. मुलाला ‘कसं वाटतंय’ विचारण्याआधी षड्ज शोधायला लावा, मग षड्जाची पट्टी सोडून तिथून गंधारापर्यंत काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजायला सांगा. ४ अर्धस्वर भरले तर मेजर, ३ भरले तर मायनर.