फुकट एसटी हवी? मग जन्म नीट घ्या

म्हातारपणी एसटीने फुकट हिंडायचं असेल तर तयारी जन्मापासूनच सुरू करा. ऑगस्ट २०२२ पासून अमृत योजनेत ७५ पूर्ण झालेल्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं. किती सोपं! फक्त वय अंगावर दिसून भागत नाही, आधार कार्डावर असावं लागतं.

तेव्हा जन्मल्याबरोबर रडण्याआधी विचारा, ग्रामपंचायतीत नोंद केली का?

शहर बसमध्ये चढू नका. तिथे अमृत चालत नाही.

शाळेत उशिरा जाऊ नका. आमच्या आबांनी तिथेच माती खाल्ली. जन्म ‘गांधीजींना मारलं त्या साली’, म्हणजे १९४८. दहा वर्षांचे होईतो म्हशी राखल्या, मग शाळा. गुरुजींनी हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगितला, लागला, सहा पूर्ण! लिहिलं १ जून १९५२. अख्खा वर्गच १ जूनचा. एकाच दिवशी गावात एवढ्या बायका बाळंत झाल्या, आणि सुईण एकच.

आधार केंद्रात जाताना डबा न्या, अंथरूणही न्या. आम्ही आबांची तारीख दुरुस्त करायला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी सर्व्हर. (पुढे सांगायला नको.) दुसऱ्या दिवशी आबांचा अंगठा उठेना. जन्मभर खुरपं धरलेल्या अंगठ्यावर रेघा राहणार कुठून? तिसऱ्या दिवशी म्हणे जन्माचा दाखला आणा. ग्रामपंचायतीत गेलो, तर १९४८ चं दप्तरच नाही. शाळेचा दाखला आणला, त्यावर तोच १ जून. ‘तारीख एकदाच बदलता येते, नीट विचार करा,’ असा वर दम. आणि शेवटी काचेमागचा पोरगा म्हणतो, ‘आजोबा, दोन वर्षांचाच प्रश्न आहे. थांबा की.’

थांबा? सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला?

कंडक्टर बिचारा भला. कार्ड उलटसुलट बघून म्हणाला, ‘आबा, मला दिसतंय हो, पण यात बसत नाही.’ आबांनी कनवटीचे पैसे काढून अर्धं तिकीट घेतलं.

अहो, हल्ली त्याच आधारावर छापलेलं असतं, हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. वय ठरवायला आधार चालत नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. मग बसच्या दारात त्याच कार्डावर म्हाताऱ्याचं वय कशाला मोजता? नोंद तुम्ही ठेवली नाहीत, तारीख गुरुजींनी ठोकली, आणि पुरावा आणायचा आबांनी? समोर पाठ वाकलेला, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेला माणूस उभा आहे, त्याच्याकडे मान वर करून एकदा तरी बघायचं होतं. बरं, तारीख नाही तर नाही, निदान खुर्ची तरी द्यायची. तीन दिवस उभेच होते ते.