कर्नाळा ट्रेकमध्ये मोजायचा का?

रविवारी आम्ही कर्नाळा किल्ल्यावर जाऊन आलो. त्याची भांडणं सोमवारी रात्री कट्ट्यावर निघाली. सुरुवात अर्थातच सुहासची. त्यानं हरिश्चंद्रगड नळीच्या अवघड वाटेनं केलाय, आणि हे तो आठवड्यातून एकदा तरी ऐकवतोच.

"कर्नाळा म्हणजे काय ट्रेक आहे का? पनवेलच्या पुढे दहा-बारा किलोमीटर, दीड तासात वर. सकाळचा फेरफटका तो."

"मग कर्णाईच्या देवळाअलीकडे बसकण मारून 'तुम्ही व्हा पुढे' कोण म्हणत होतं?" शिल्पानं विचारलं.

म्हणे बूट चावत होते! मी त्याच्या मागेच होतो, बूट कसले चावतायत. झाडीत वाऱ्याची झुळूक नाही, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मार्चमध्ये त्या वाटेवर पाचोळ्याचा असा थर असतो की खाली मुळी आहे की सुटा दगड, ते पाय पडल्यावरच कळतं. चढताना पाचोळा नुसता वाजतो. उतरताना खरी मजा. मी दोनदा आपटलो. दुसऱ्यांदा आधाराला जे झुडूप धरलं ते नेमकं करवंदाचं निघालं. तळव्यातला काटा अजून निघालेला नाही.

"वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा या गडाचे किल्लेदार होते," वैद्यकाका म्हणाले. "आपल्या शिरढोण गावाहून रोज फेरफटक्याला जात असतील, नाही का सुहास?"

सुहास गप्प झाला, पण मंग्या पेटला. त्याचा राग वेगळाच होता. पहिल्या चढालाच काकांनी त्याचा ब्लूटूथ स्पीकर बंद करायला लावला होता.

"काका, अभयारण्याच्या पोटातून गोवा हायवे गेलाय. अर्ध्या वाटेपर्यंत ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. ते चालतात, आणि माझी दोन गाणी चालत नाहीत?"

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. १९६८ साली पक्ष्यांसाठी म्हणून राखलेलं रान, आणि त्याच्यातूनच रस्ता. शिल्पासुद्धा म्हणाली, "यात तो चूक नाहीये."

काका चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "हायवे चूकच. पण भृंगराज पक्षी बसलेल्या झाडाखाली ट्रक वडापाव खात थांबत नाही. तू थांबलास. आणि तेव्हा तो पक्षी शिक्र्याचा, म्हणजे शिकारी ससाण्यासारख्या पक्ष्याचा आवाज काढत होता, हुबेहूब. मी मान वर करून शिक्रा शोधतोय, आणि तुझ्या डब्यातून ढोल सुरू!"

"मग वर सुळक्यापाशी का नाही बोललात? तिथं तर नुसत्या खुणा करत होतात."

"वर आग्यामोहोळं बघितलीस ना? तिथं मी बोलणार होतो होय? तूही त्या पाण्याच्या टाक्यांपाशी दबकतच चालत होतास."

यावर सगळेच हसले. मंग्याला डिओ मारून यायची सवय आहे. वर पोचल्यावर शिल्पानं त्या वासावर मधमाश्या येतील अशी भीती घालून त्याला ओढणी गुंडाळायला लावली होती. तो अवतार माझ्या फोनमध्ये आहे.

आता उरला बाटल्यांचा विषय. गेटवर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, येताना बाटल्या दाखवल्या की पैसे परत. सुहासच्या मते ही नसती कटकट. शिल्पाच्या मते त्या रानातली एकमेव अक्कल. वाद रंगायला लागला होता, तेवढ्यात मंग्यानं चहाचे पैसे द्यायला पाकीट काढलं आणि दहाच्या नोटेबरोबर एक चुरगळलेली चिठ्ठी टेबलावर पडली. काकांनी ती सरळ करून वाचली.

"बाटल्या दोन. तू तर एकच दाखवलीस ना रे?"

"दुसरी..." मंग्या डोकं खाजवत म्हणाला, "टाक्यापाशी ओढणी सोडताना बाजूला ठेवली होती."

पुढच्या रविवारी साडेसहाला एस्टी स्टँडवर भेटायचं ठरलंय. सुहास म्हणतो त्याचं घरी काम आहे.